तीनशे पस्तीस पॉइंट चारचं कपाट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला. ते पुण्याहून नोकरीनिमित्त इथं म्हैसूरला आलेले, बोलणं अगदी गोड. ‘‘सुशीलाबाई, एकतीस वर्षं लायब्ररीत काढलीत, काही हलक्याफुलक्या आठवणी द्या ना.’’ मी हो म्हणून बसले. पण जूनपासून माझं डोकं तापलेलं आहे, हलकंफुलकं काही सुचत नाही. तेव्हा ज्यानं तापलं तेच लिहिते. आमच्यासारख्या, पणजोबांच्याही आधी राजाच्या फौजेत आलेल्या घरांतली मराठी अर्धी कानडी असते. संपादकांच्या जिवाला त्रास नको म्हणून ती इथं होता होईल तो आवरली आहे.

लायब्ररियन म्हणजे खुर्चीत बसून ‘आवाज करू नका’ म्हणणारी बाई, असा बाहेरच्यांचा समज. खरं काम वेगळं असतं. नवीन पुस्तक आलं की ते कशाबद्दल आहे हे ठरवायचं, त्याला आकडा द्यायचा आणि तो त्याच्या पाठीवर चिकटवायचा. जगातल्या सगळ्या विषयांना आकडे वाटून दिलेले आहेत. स्वयंपाक सहाशे एक्केचाळीस, इतिहास नऊशेच्या घरात, समाजवाद तीनशे पस्तीस. त्यात मार्क्सचा विचार आला की पॉइंट चार. मग त्याचे फाटे: रशियाचा वेगळा, रशियातून हाकलून दिलेल्यांचा वेगळा, चीनचा वेगळा. दर भांडणाला पॉइंटनंतर एक आकडा वाढतो. आमच्या लायब्ररीत एवढे लांब आकडे दुसऱ्या कुठल्या कपाटात नव्हते. लेबलाच्या पट्टीवर ते मावायचे नाहीत.

हे फाटे साध्या शब्दांत सांगते. मी काही विद्वान नाही, लेबलं चिकटवता चिकटवता वाचलं तेवढंच. मार्क्सचं म्हणणं असं, की राबणारा एक आणि त्याच्या राबण्यावर मोठा होणारा दुसरा, आणि या दोघांच्या झगड्यातून जग बदलत जातं. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. हा बदल घडवणार कोण, असं विचारलं की बिनसतं. रशियावाले म्हणाले, कारखान्यातला कामगार, पण त्याच्यापुढे शिस्तीचा पक्ष हवा. त्यांच्यातलाच एक गट म्हणाला, एकाच देशात क्रांती करून दार लावून बसलात तर ती आतल्या आत सडेल. चीनवाले म्हणाले, आमच्याकडे कामगार मूठभर, शेतकरीच सगळा, तेव्हा खेड्यांनी शहराला वेढायचं. युरोपातल्या काहींना वेगळाच प्रश्न पडला: एवढा अन्याय होऊनही कामगार गप्प का बसतो? त्यांचं उत्तर असं, की शाळा, चर्च, वर्तमानपत्र आणि सिनेमा मिळून त्याचं मनच तसं घडवतात. आणि आपल्याकडे? कुणी म्हणालं निवडणूक लढवू, कुणी म्हणालं जंगलात जाऊ, आणि दोघांनी एकमेकांना गद्दार ठरवून टाकलं.

आमची लायब्ररी एका ट्रस्टची. नाव लिहीत नाही, कारण अजून मला तिथं सकाळचा पेपर वाचायला जायचं असतं. एका वकिलांनी मरताना आपला सगळा संग्रह दिला, त्यातून हे कपाट भरलं. मागच्या खिडकीशी, काचेच्या दाराचं. बाहेर एक लांब टेबल आणि सहा खुर्च्या. त्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी तिघांबद्दल सांगते.

निंगण्णा रेल्वेत फिटर. दुपारची पाळी असली की सकाळी दहाला दारात हजर. आधी मागच्या नळावर साबणानं हात धुवायचा, पंचाला पुसायचा, मग पुस्तक. रशियात छापलेली, कानडीत उतरवलेली जाड पुस्तकं तो ओळीखाली बोट ठेवून वाचायचा. महिनोन्‌महिने एकच पुस्तक चालायचं, पण पान सोडायचा नाही. दुसरे प्रोफेसर श्रीकंठ, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांची पुस्तकं बारीक टायपातली, युरोपातली. समासात पेन्सिलीनं लिहायची वाईट खोड त्यांना होती, त्यावरून मी त्यांना दोनदा सगळ्यांसमोर, पण दबक्या आवाजात, झापलं होतं.

हे दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायचे आणि निम्मा वेळ भांडायचे.

‘‘सार, तुमच्या पुस्तकात कामगार एल्लि?’’ निंगण्णा विचारायचा. ‘‘कुठं आहे तो? एका पानाला ऑइलचा डाग नाही.’’

‘‘तुमच्या पुस्तकातले सगळे कामगार हसत असतात, निंगण्णा. तुम्ही ड्यूटीवर शेवटचं कधी हसलात?’’ प्रोफेसर म्हणायचे.

मी टेबलावर टकटक करायची. दोघं गप्प व्हायचे, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. खरं सांगते, मला ते आवडायचं. बाकीच्या हॉलमध्ये लोक डुलक्या काढत बसलेले असायचे.

तिसरी जयम्मा. वरुण्याहून बसनं यायची, तेव्हा बी.ए.ला होती. वडील दुसऱ्याच्या उसात मजुरीला. पहिल्याच दिवशी ती कपाटासमोर अर्धा तास उभी राहिली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘‘मेडम, इदरल्लि जाति एल्लिदे?’’ यात जात कुठं आहे?

मी आकड्यांचं बाड काढलं, उलटलं. मार्क्सच्या आकड्यात रशिया होता, चीन होता, युगोस्लाव्हिया होता. जात नव्हती. ती तिकडे दुसऱ्या आकड्यात, दुसऱ्या कपाटात.

‘‘माझ्या अप्पाला मालक मजुरी कमी देतो, ते या पुस्तकांत बरोबर लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘पण पाणी देताना वरून ओततो, ते कुठल्या पुस्तकात शोधू?’’

मी जातीवरची पुस्तकं त्या कपाटातून उचलून या कपाटाच्या खालच्या फळीवर आणून ठेवली. आमच्या धंद्यात हे पाप आहे. एका आकड्याच्या घरात दुसरा आकडा ठेवायचा नसतो. पण ती फळी तशीच राहिली. निंगण्णा म्हणाला, आधी वर्ग जाऊ दे, जात आपोआप पडेल. प्रोफेसरांनी त्यावर इंग्रजीत लांबलचक काहीतरी सांगितलं, त्याचाही अर्थ तोच होता. जयम्मा म्हणाली, ‘‘मग आधी दोघं आमच्या घरी जेवायला या.’’ निंगण्णा रविवारी सायकल घेऊन गेला. प्रोफेसर म्हणाले, पुढच्या रविवारी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते.

पुस्तक घरी न्यायचं नसेल, तिथंच बसून वाचायचं असेल, तर आमच्याकडे चिठ्ठी लिहून द्यायची पद्धत होती. नाव, पत्ता, पुस्तकाचा आकडा. वर्षभराच्या चिठ्ठ्या आम्ही खोक्यात ठेवायचो. वर्षाअखेरीला त्यावरून कळायचं की कुठला विषय किती वाचला जातो. माझ्या नोकरीच्या मध्यावर, जंगलातल्या हत्यारवाल्यांच्या बातम्या पेपरात येत होत्या त्या दिवसांत, साध्या वेशातला एक माणूस माझ्या टेबलाशी आला. ओळखपत्र हलवलं, वाचायला दिलं नाही. ‘त्या’ कपाटातली पुस्तकं कोण कोण वाचतं, चिठ्ठ्या दाखवा म्हणाला. जयम्माचं त्या वेळी बी.एड. संपत आलं होतं, सरकारी नोकरीचा अर्ज गेला होता. चौकशीत कुणी एक ओळ वाकडी लिहिली की संपलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, खोक्याची किल्ली क्लार्ककडे, तो रजेवर, उद्या या. किल्ली माझ्याच खणात होती.

त्या दुपारी माळी मागे वाळलेला पाला जाळत होता. वर्षभराच्या चिठ्ठ्या मी त्यात टाकल्या. सगळ्या, स्वयंपाकाच्यासुद्धा, म्हणजे एकाच कपाटाच्या गेल्या असं दिसू नये. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की आठवडा संपला की चिठ्ठ्या जाळून टाकायचा आमचा नियम आहे. असा नियम नव्हता, मी तो आदल्या दिवशी केला होता. त्यानं कॉफी घेतली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गेला.

त्या दिवसापासून पॉइंट चारच्या कपाटाला चिठ्ठी बंद. मी सकाळी कुलूप काढून ठेवायची. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, जाताना टेबलावर ठेवावं. सगळे गेले की मी पुस्तकं जागेवर लावायची. नवा कुणी सवयीनं चिठ्ठी लिहायला लागला तर निंगण्णाच त्याला हळूच सांगायचा, ‘‘हेसरु बेड. इथं नाव नको.’’ घरी तर कुणी कधी न्यायचंच नाही. एवढी वर्षं ते टेबल भरलेलं असायचं आणि कागदावर तिथं चिटपाखरू नव्हतं. मला याचा फार अभिमान होता.

माझी चूक पुढे झाली. निवृत्तीच्या चारेक वर्षं आधी कंप्यूटर आला, पुस्तकांना काळ्या रेघांची पट्टी लागली. शिकवायला आलेल्या मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं: संध्याकाळी टेबलावर पडलेली पुस्तकंही मशीनखाली धरा, मग जागेवर ठेवा. वाचणाऱ्याचं नाव लागत नाही, पुस्तक वापरात आहे एवढीच नोंद होते. मी बाकीच्या हॉलची पुस्तकं धरली. त्या कपाटाची मात्र हातानंच उचलून ठेवत राहिले, माझ्यानंतर आलेल्यांनीही माझं पाहून तेच चालवलं. मशीनवर माझा विश्वास नव्हता, सवयही होती. आज उगाच कुणावर ढकलत नाही, माझंच चुकलं.

या जूनमध्ये कळलं की मागच्या खिडकीशी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी गार खोली करणार आहेत. करा, माझं काही म्हणणं नाही. मुलं शिकू देत. पण जागेसाठी दहा वर्षांत न वाचलेली पुस्तकं रद्दीत काढणार, आणि त्या यादीत ते कपाट अख्खं. मी बोगादीहून सिटी बस धरून तडक गेले. ट्रस्टचा सेक्रेटरी संतोष, आमच्यातलाच मुलगा, त्याच्या आईला मी ओळखते.

‘‘मावशी, सुम्ने, उगाच राग करू नका,’’ तो म्हणाला. ‘‘हे नोडा, बघा. कंप्यूटरात झीरो आहे. एक बुक बी कोण घेतलेलं नाही. मी काय करू हेळा.’’

‘‘झीरो कसं? रोज वाचत होते. मी स्वतः जागेवर लावलीत.’’

‘‘हौदु मावशी, तुम्ही खोटं बोलत नाही, मला गोत्तु आहे. पण कमिटीला प्रूफ पायजे. चिठ्ठी आहे का?’’

चिठ्ठ्या मी जाळल्या होत्या. हे त्याला सांगितलं तर तो हसला नाही, उलट मान खाली घातली. चांगला मुलगा आहे. मग म्हणाला, ‘‘एक करा. जे ओदले ना, वाचले, त्यांचं लेटर आणा. नाव, पत्ता, सही, कुठली बुकं वाचली. त्यात जी बुकं असतील ती ठेवतो. शनिवारी कमिटी. अष्टे, एवढंच.’’

मी तिथून बाहेर पडले ती पायाला भिंगरी लावून. निंगण्णा आता थकलाय, कानाला यंत्र आहे, पण ऐकून रडायलाच आला. ‘‘अम्मोरे, सही करतो. माझं काय वाकडं होणार आता? पण प्रोफेसरच्या पुस्तकांसाठी नाही हं. त्या लोकांनीच आमची वाट लावली.’’ मी म्हटलं, निंगण्णा, तुम्ही फक्त तुमची लिहा. प्रोफेसरांकडे गेले. त्यांनी चहा दिला, खिन्न झाले, आणि म्हणाले, ‘‘सुशीलाबाई, ही तर संस्कृतीची हत्या आहे. पण प्रामाणिकपणे सांगू? ती रशियन प्रचारपुस्तकं गेली तर काय बिघडलं? त्यांच्या शेजारी ठेवल्यामुळेच तर आमची बदनाम झाली.’’ मी हात जोडले. म्हटलं, भांडण मागाहून करा, आधी यादी करा. दोघांनीही हो म्हटलं. जयम्माला फोन केला. ती आता बेट्टदपुरला सरकारी हायस्कुलात हेडमिस्ट्रेस आहे. तिनं फक्त विचारलं, शनिवारी किती वाजता?

शनिवारी कमिटीत पाच जण होते. निंगण्णा आणि प्रोफेसर रिकाम्या हातानं आले. मी विचारलं, यादी कुठं? निंगण्णा म्हणाला, यादी कशाला, तोंडानं सांगतो, रशियाची सगळी. प्रोफेसर म्हणाले, प्रश्न यादीचा नाही, दृष्टिकोनाचा आहे. अध्यक्षांनी दोघांपुढे कोरे कागद सरकवले, म्हणाले, जे काही असेल ते लिहून द्या, दहा मिनिटं आहेत. दोघं लिहायला बसले. मला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात जयम्मा आली. पिशवीतून एक जुनी, कडा झिजलेली वही काढली. त्या दिवसांत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि त्याखाली चार ओळी. त्रेचाळीस पुस्तकं. रशियाची होती, युरोपाची होती, चीनचं एक होतं, खालच्या फळीवरची सगळी होती. तिनं यादी उतरवून आणली होती, खाली सही, शाळेचं नाव, हुद्दा.

संतोषनं ती वाचली आणि हळूच म्हणाला, ‘‘मेडम, तुम्ही गव्हर्मेंट सर्विसमध्ये. हे फाइलला लागतं. शाळेचं नाव काढू का?’’

‘‘बेड. राहू दे,’’ जयम्मा म्हणाली. ‘‘अप्पाचंही नाव घाला. ते नसते तर मी हे कपाट उघडलं नसतं.’’

मी तिच्याकडे पाहू शकले नाही. जिचं नाव कुठं लागू नये म्हणून मी सगळं केलं, ती स्वतःहून नाव लावत होती, आणि ज्यांचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही ते दोघं अजून लिहीत बसले होते.

दहा मिनिटांनी अध्यक्षांनी कागद घेतले आणि मोठ्यानं वाचले. निंगण्णानं लिहिलं होतं, की युरोपातली पुस्तकं कामगारांची दिशाभूल करणारी आहेत, ती ठेवण्यास माझा विरोध आहे. खाली सही. प्रोफेसरांनी लिहिलं होतं, दोन परिच्छेदांत, फार सुंदर अक्षरात, की रशियन प्रचारसाहित्याला विचाराचं नाव देता येत नाही, ते काढण्यास माझी हरकत नाही. खाली सही. आपल्या पुस्तकांची नावं लिहायला दोघांनाही जागा उरली नव्हती.

अध्यक्षांनी कमिटीकडे पाहिलं. म्हणाले, दोघांचीही मागणी मान्य करायला काही अडचण दिसत नाही. जयम्माची त्रेचाळीस ठेवली. बाकीचं कपाट मंगळवारी टेम्पोत गेलं. निंगण्णानं बोट ठेवून वाचलेली ती जाड पुस्तकं, प्रोफेसरांच्या पेन्सिलीच्या खुणांची ती बारीक टायपाची, सगळी एकाच सुतळीत बांधून.

कमिटीचा मला राग आहे. शून्य दिसलं की तिथं माणूस नव्हता असं धरून चालणारी ती माणसं. पण त्यांच्यापाशी निदान शून्य तरी होतं. या दोघांनी तर ते टेबल डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर आयुष्य काढलं होतं, आणि शेजाऱ्याचं पुस्तक जावं म्हणून आपलं जाऊ दिलं. जगातल्या सगळ्या राबणाऱ्यांनी एक व्हावं म्हणणाऱ्या कपाटासमोर बसून हे शिकले! मी त्यांना तोंडावर हे म्हटलं. मीटिंग संपल्यावर पायऱ्यांवर, मोठ्यानं, लायब्ररीच्या दारात. एकतीस वर्षांत मी तिथं कधी आवाज चढवला नव्हता.

दोघं मान खाली घालून उभे होते. जयम्मा बससाठी निघून गेली होती. निंगण्णानं कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाला, ‘‘अम्मोरे, तप्पु नम्मदल्ला. चूक आमची नाही. नीवु रेकॉर्ड इट्कोबेकित्तु.’’ तुम्ही रेकॉर्ड ठेवायला हवं होतं.

‘‘करेक्ट,’’ प्रोफेसर म्हणाले. ‘‘निंगण्णा बरोबर बोलतायत. चूक तुमची आहे, सुशीलाबाई.’’

इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते दोघं एकमेकांचा हात धरून, सावकाश, पायऱ्या उतरून गेले.